तिसऱ्या लाटेचा टंचाई आराखडा: बालाघाटातल्या एका ग्रामीण रुग्णालयाचं प्रकरण

मराठवाड्यात विहीर एका रात्रीत आटत नाही. आधी मोटार दोन तास चालायची ती दीड तास चालते, मग तासभर, मग पाणी गढूळ यायला लागतं. म्हणून इथं टंचाई आराखडा पाऊस सरला की होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. कोणत्या गावात कोणाची विहीर अधिग्रहित करायची, टँकर कुठून भरायचा, हे पाणी असतानाच कागदावर येतं. कागद उशिरा हलला की काय होतं तेही आम्ही पाहिलंय. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्याकडं ऑक्सिजनचा असा आराखडा नव्हता. तिसऱ्या लाटेआधी आम्ही तो केला. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगराळ भागातलं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मी तिथला वैद्यकीय अधिकारी. जुलै २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात आम्ही काय ठरवलं, त्यातलं काय कामाला आलं आणि काय फसलं, ते इथं मांडतो. असं लिहून ठेवलेलं काही एप्रिल २०२१ मध्ये मला हवं होतं.

संध्याकाळी सहा ते रात्री साडेबारा

१८ एप्रिल २०२१ ला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. त्याच आठवड्यातली एक रात्र. वॉर्डात वीस जण ऑक्सिजनवर होते. कुणाला मिनिटाला चार लिटर लागत होते, कुणाला मास्कवर पंधरा. सरासरी आठ धरा. जंबो सिलिंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर वायू असतो. वीस रुग्ण, आठ लिटर, मिनिटाला एकशे साठ. म्हणजे एक जंबो पाऊण तासही पुरत नाही आणि दिवसाला तेहतीस लागतात.

संध्याकाळी सहाला आमच्याकडं अकरा भरलेले सिलिंडर होते. रिकामे घेऊन गेलेली गाडी भरणा केंद्राच्या रांगेत होती आणि ड्रायव्हर दर तासाला फोनवर सांगत होता, "साहेब, नंबर लागतोच आता." अकरा सिलिंडर म्हणजे आठ तास, म्हणजे रात्री दोन. हा गुणाकार चौथीतलं पोरगं करील. आमच्यापैकी कुणीही तो सहा वाजता केला नाही. आम्ही राऊंड घेत होतो, नातेवाइकांशी बोलत होतो, रेमडेसिविरच्या चिठ्ठ्यांवर सह्या करत होतो. रात्री साडेबाराला दोनच सिलिंडर उरले, तेव्हा रुग्ण हलवायचं ठरलं. मग कोणाला हलवायचं यावर चर्चा, मग मोठ्या रुग्णालयात जागा आहे का म्हणून फोन, मग १०८ ची वाट. सहा जणांना हलवलं. त्यातले एक आजोबा घाट उतरताना गेले. सिलिंडरची गाडी त्यानंतर थोड्याच वेळात फाटकातून आत आली.

हे आजोबा सिलिंडर नव्हते म्हणून गेले, असं नातेवाइकांना वाटलं आणि मी ते खोडलं नाही. पण खरं असं की सिलिंडर कमी पडणार हे संध्याकाळी सहालाच कळण्यासारखं होतं. सहाला हलवले असते तर रुग्णवाहिका उजेडात गेली असती, मोठ्या रुग्णालयात जागा शोधायला सहा तास मिळाले असते आणि सोबत द्यायला भरलेला सिलिंडरही असता.

दोरी सोडून बघणं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बसलो. अधीक्षक, आम्ही दोघे डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर, औषधनिर्माते, लॅबवाले, आणि सिलिंडर बदलण्याचं काम ज्यांनी दोन महिने रात्रंदिवस केलं ते वॉर्डातले मामा. बैठक नेहमीच्याच वळणावर चालली होती. किती खाटा, किती कॉन्सन्ट्रेटर, किती मास्क, मागणीपत्र कधी पाठवायचं. मामा कोपऱ्यात उभे होते. त्यांना बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "साहेब, विहिरीत दोरी सोडून बघतो आपण, तसं ह्याचं बी बघावं लागंल. तळ दिसल्यावर टँकर मागून काय उपयोग?"

त्या वाक्यानं बैठक फिरली. सामान किती आहे याची यादी जिल्ह्याला हवीच होती, ती आम्ही दिली. पण आमच्यासाठी दुसराच कागद केला. कोणता आकडा कुठं पोचला की काय करायचं, आणि ते कुणी करायचं, एवढंच त्याच्यावर होतं. पुढं ऑगस्टमध्ये राज्यानंही हेच केलं. ऑक्सिजनची रोजची मागणी ७०० मेट्रिक टनांवर गेली की कडक निर्बंध आपोआप लागतील, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जाहीर केलं. जालन्याचा माणूस. टंचाई आराखडा त्यांनी लहानपणापासून पाहिलेला असणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आमच्या कागदावर तीन आकडे होते. पहिला तापाच्या ओपीडीचा: सात दिवसांच्या अँटिजेन तपासण्यांमध्ये शंभरात पाचांपेक्षा जास्त पॉझिटिव्ह आले की मागच्या फाटकानं वेगळी ताप ओपीडी सुरू. हा पाच टक्क्यांचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषातून घेतला. दुसरा ऑक्सिजनचा: साठा बारा तासांच्या खाली आला की त्या क्षणी जो डॉक्टर ड्यूटीवर असेल त्यानं रुग्ण हलवायला सुरुवात करायची. प्रवास झेपेल असे आधी, आणि सोबत सिलिंडर व सिस्टर. तिसरा आकडा इन्चार्ज सिस्टरनी घालायला लावला. कामावर हजर सिस्टर सहाच्या खाली गेल्या तर काय करायचं, तेही लिहा म्हणाल्या. खरं सांगायचं तर आम्ही तो त्यांच्या शब्दासाठी घातला. दुसऱ्या लाटेत आमचे कर्मचारी आजारी पडले होते, पण एकामागून एक. सगळे एकदम पडतील हे आम्हा डॉक्टरांच्या डोक्यातच आलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका ओळीवर. "वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता." अधीक्षकांनी ती ओळ तीनदा खोडली आणि तीनदा परत लिहिली. सरकारी नोकरीत ही ओळ लिहिणं सोपं नाही, आणि त्यांनी शेवटी सही केली याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी फार आदर आहे. त्या सहीशिवाय बाकीचा कागद रद्दी होता.

वॉर्डाच्या दारात एक पांढरा फळा लागला. त्यावर सिलिंडरची संख्या लिहायची नाही, असं ठरलं. फक्त दोन शब्द रंगवून घेतले: शिल्लक तास. कोणत्या खाटेला मिनिटाला किती लिटर जातात ते फ्लोमीटर दाखवतो. दर दोन तासांनी सिस्टर सगळ्या फ्लोमीटरांची बेरीज करणार, साठ्याला त्या बेरजेनं भागणार आणि तास लिहिणार. भागाकाराचा तक्ता फळ्याशेजारीच चिकटवला. अकरा सिलिंडर म्हटलं की बरेच आहेत असं वाटतं. आठ तास म्हटलं की माणूस घड्याळाकडं बघतो.

साबणाचं पाणी

सप्टेंबरमध्ये हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्रकल्प रुग्णालयाच्या मागं बसला. नारळ फुटला, फोटो निघाले. गावात बोलणं सुरू झालं की आता ऑक्सिजनची चिंता मिटली. आम्ही ठरवलं की पूर्ण भार टाकून एक दिवस चालवल्याशिवाय तो मोजायचाच नाही.

सगळ्या खाटांचे फ्लोमीटर एकाच वेळी दहा लिटरवर उघडले. पहिल्या रांगेत काचेच्या नळीतली गोळी दहाच्या रेघेवर नीट तरंगत होती. शेवटच्या खिडकीजवळच्या तीन खाटांवर ती सहाच्या पुढं चढेना. कंपनीचा माणूस म्हणाला, दाब वाढवून बघतो. मामांनी तोवर बादलीत निरमा कालवला होता. कुंचल्यानं ते तांब्याच्या नळीच्या एकेका जोडाला फासत गेले. प्रसाधनगृहाच्या भिंतीमागं, छताला लागून एक कोपरा आहे, तिथं फेसाचा बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. हवा तिथून जात होती. कान लावला तरी आवाज येत नव्हता, इतकी बारीक गळती. तिथं अजून दोन जोड सैल निघाले.

मला तो बुडबुडा अजून दिसतो. या लेखातली एकच गोष्ट कुणी करून बघणार असेल तर ही करावी, बादलीभर साबणाचं पाणी आणि एक कुंचला.

त्याच चाचणीत वीजही तपासली. प्रकल्प विजेवर चालतो आणि आमच्याकडं वीज जाते. जनरेटर सुरू होऊन प्रकल्पाला परत पुरेशा शुद्धतेचा ऑक्सिजन यायला वेळ लागतो, तेवढा वेळ जंबो सिलिंडरांची रांग आपोआप जोडली गेली पाहिजे. ती जोडली जात नव्हती, हातानं चावी फिरवावी लागत होती. आणि चावी स्टोअरच्या कपाटात होती, कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडं, ते संध्याकाळी घरी. मामांनी ती चावी सुतळीनं सिलिंडरांच्या रांगेलाच बांधून टाकली.

ऑक्सिजन वाचवणं हा वेगळा भाग. नंदुरबारनं पहिल्या लाटेनंतरच स्वतःचे प्रकल्प उभे केले आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला खास परिचारिका नेमल्या, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. आम्हाला खास माणूस मिळण्यासारखा नव्हता, म्हणून प्रत्येक पाळीत एका सिस्टरच्या गळ्यात हिरवी फीत अडकवली. जेवताना रुग्ण मास्क काढून उशीवर ठेवतो आणि ऑक्सिजन उशीला मिळत राहतो, तो बंद करणं हे तिचं पहिलं काम. दुसरं, रुग्णाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९२ ते ९६ टक्क्यांच्या मध्ये ठेवणं. ९९ दिसलं की नातेवाइकांना बरं वाटतं, पण त्या वरच्या तीन आकड्यांसाठी दुसऱ्या कुणाचा श्वास खर्ची पडत असतो.

कोयता निघायच्या आत

आता जो भाग आम्हाला सगळ्यात अवघड गेला तो.

आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळं निघण्याची तारीख त्यांच्या हातात नसते. २०२१ चा हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होणार होता. कोविशिल्डच्या दोन डोसमध्ये तेव्हा किमान ८४ दिवसांचं अंतर होतं. १५ ऑक्टोबरपासून ८४ दिवस मागं गेलं की २३ जुलै येते. म्हणजे जुलैत पहिला डोस न मिळालेला कोयता दुसऱ्या डोसआधीच उसाच्या फडात असणार. आणि जुलैत लस होती कुठं? आमच्या केंद्रावर पहाटेपासून चपलांच्या रांगा लागायच्या आणि शंभर डोस येऊन दोन तासांत संपायचे.

कोव्हॅक्सिनचं अंतर मात्र चारच आठवड्यांचं. सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुसरा, आणि मग गाडी सुटली तरी हरकत नाही. ही गोष्ट एका आशाताईंनी काढली. त्यांचे दीर स्वतः मुकादम. आम्ही जिल्ह्याला लेखी मागणी केली की आमच्या वाट्याची कोव्हॅक्सिन फक्त ऊसतोड गावांना द्या. मागितली तेवढी मिळाली नाही, पण मिळाली. आशाताईंनी मुकादमांच्या वह्या उतरवून घेतल्या, कारण कोण कोणत्या टोळीत, कुठल्या कारखान्याला चाललंय याची त्याहून पक्की यादी सरकारकडंही नव्हती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका वस्तीवर बायकांनी दार लावून घेतलं. लस घेतली की दोन दिवस ताप येतो आणि निघायच्या तोंडावर अंथरूण धरायची चैन कुणाला परवडते? एक बाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "ताई, म्या पडले तर अर्धा कोयता पडला. उचल तर पुरी फेडायचीय ना?" यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. आशाताईंनी वाद घातला नाही. शनिवारी लस ठेवली, तापाच्या गोळ्या हातात दिल्या आणि रविवारी सकाळी परत त्या घरी जाऊन चहा पिऊन आल्या. पुढच्या शनिवारी शेजारची तीन घरं आली.

मोबाईलचाही गोंधळ होता. लसनोंदणीचं कोविन पोर्टल एका क्रमांकावर चारच नावं घ्यायचं आणि वस्तीवर तीन घरांत मिळून एक फोन. ज्यांचा दुसरा डोस राहिला त्यांना आम्ही कागदी कार्ड दिलं. नाव, लस, तारीख, पुढची तारीख आणि आमचा फोन. कुठल्याही केंद्रावर दुसरा डोस मिळतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

नोव्हेंबरात घरोघर जाऊन लस देण्याची 'हर घर दस्तक' मोहीम आली तेव्हा आमच्या बऱ्याच घरांना कुलूप होतं. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस नाही तर रेशन आणि पेट्रोल नाही असे आदेश निघाले. त्यानं आकडे वाढले असतील. पण ज्याच्या दाराला कुलूप आहे त्याला रेशन बंद करून काय होणार, हे मला आजही कळत नाही.

मुलांच्या लाटेची भीती त्या सगळ्या काळात डोक्यावर होती. आम्हीही दहा खाटांचा बालकक्ष रंगवला, लहान मास्क आणि लहान बोटांचे ऑक्सिमीटर आणले. जुलैत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चौथ्या सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं आढळली होती, मुलांतही निम्म्याहून अधिक. मुलांवरच वेगळी लाट येईल असं त्यातून दिसत नव्हतं. पण त्या दिवसांत आईबापांना आकडे सांगून भागत नव्हतं. ते ऑक्सिमीटर नंतर न्यूमोनियाच्या बाळांना फार उपयोगी पडले.

६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण गेले. दुसऱ्याच दिवशी आम्ही वॉर्डातले सगळे एक्स्टेन्शन बोर्ड काढून टेबलावर मांडले. दोन बोर्डांच्या भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. एप्रिलमध्ये एकेका बोर्डावर तीन तीन कॉन्सन्ट्रेटर चालले होते. आमचं नशीब, एवढंच. ते बोर्ड मी फेकू दिले नाहीत.

जानेवारी

२६ नोव्हेंबरला ओमायक्रॉनचं नाव जगानं ऐकलं. २ डिसेंबरला कर्नाटकात, ४ ला डोंबिवलीत आणि महिन्याच्या मध्यात लातूरला रुग्ण सापडला. लातूर म्हणजे आमच्या उंबऱ्यावर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिला आकडा ओलांडला आणि त्याच दुपारी मागचं फाटक उघडलं. कुणी कुणाला विचारलं नाही.

मग मात्र आमच्या अंदाजाप्रमाणं काहीच झालं नाही. ऑक्सिजनवर एकावेळी पाचाहून जास्त रुग्ण कधी आलेच नाहीत. फळ्यावरचे शिल्लक तास दोनशेच्या वर राहिले. सहा महिने ज्याची तयारी केली तो दरवाजा कुणी ठोठावलाच नाही.

आम्ही जवळजवळ हसण्यावारी घातलेला तिसरा आकडा मात्र एका आठवड्यात कोसळला. सोमवारी दोन सिस्टर आजारी, बुधवारी पाच, शुक्रवारी माझ्यासह दोन्ही डॉक्टर आणि लॅबवाले. कुणीच गंभीर नव्हतं, पण नव्या नियमानं सात दिवस घरी. इन्चार्ज सिस्टरनी कागदावरची तिसरी ओळ वाचली आणि कामाला लागल्या. गावातल्या दोन निवृत्त सिस्टर आल्या, उपकेंद्रांवरच्या परिचारिका (एएनएम) आळीपाळीनं आल्या, सकाळची ओपीडी दोन तासांवर आणली, कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया पुढं ढकलल्या. हिवाळा हा त्या शस्त्रक्रियांचा हंगाम, तो बुडाला आणि त्याची भरपाई उन्हाळ्यात करावी लागली. प्रसूतिकक्ष एक तासही बंद राहिला नाही. मी घरून फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळंतपणं लाट बघून थांबत नसतात, सर. तुम्ही झोपा."

पहिल्या आकड्यातही खोट निघाली. दहा-बारा दिवसांनी पॉझिटिव्हचं प्रमाण खाली यायला लागलं आणि आम्ही हुरळलो. प्रत्यक्षात लोक तपासणीला यायचेच बंद झाले होते. पॉझिटिव्ह म्हणजे सात दिवस मजुरी बंद. ज्यांच्याकडं पैसे होते त्यांनी घरी तपासायचे किट आणले, ज्यांचा निकाल आमच्या नोंदीत येत नव्हता. औषधनिर्मात्यांना हे आधी कळलं, कारण बाजारातल्या मेडिकलवाल्यांशी त्यांची रोजची उठबस. तापाच्या गोळ्यांच्या पट्ट्या दुपटीनं खपत होत्या. तेव्हापासून आम्ही पाच दुकानांना रोज संध्याकाळी फोन करून किती पट्ट्या गेल्या ते विचारायला लागलो. हा आकडा जुलैतच कागदावर यायला हवा होता. दुष्काळात गावाचं पाणी संपत आलंय हे तलाठ्याच्या आधी टँकरवाल्याला कळतं, आम्हाला ते माहीत होतं, तरी सुचलं नाही.

फडातून फोन यायचे, कार्डावर नंबर होता म्हणून. सातारा, सांगली, बेळगावकडून. बहुतेक वेळा प्रश्न एकच, इथं दुसरा डोस कुठं मिळंल. आशाताई तिथल्या कारखान्याचं नाव विचारून जवळचं आरोग्य केंद्र शोधून द्यायच्या.

२ एप्रिलला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले. आमची ऊसतोडीची यादी तेव्हा बंद करता आली नाही. त्या वर्षी ऊस इतका झाला होता की कारखाने जूनपर्यंत चालले, मराठवाड्यातला ऊस तर फडातच उभा होता, आणि कोयते परतलेच नव्हते. जूनच्या पहिल्या पावसात ट्रॅक्टर वेशीतून आत यायला लागले तेव्हा आशाताई वही घेऊन पारावर बसलेल्या असायच्या. त्यांच्या वहीत शेवटी सात नावं बरोबरच्या खुणेविना राहिली. दोन कुटुंबं फडातून परस्पर पुण्याला बांधकामावर गेली होती. उंबऱ्यातून बोललेली बाई परत आली होती. तिचा दुसरा डोस कर्नाटकातल्या एका केंद्रावर झाला होता, आणि भिजून मऊ पडलेलं कार्ड तिनं पिशवीत मंगळसूत्राच्या डबीत ठेवलं होतं.